हेलिकॉप्टरने रानघोडे पकडणं थांबवता येईल का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे चुकीचं समजले असेन तर सांगता येईल. नोकरीसाठी तुम्ही पुण्याहून अमेरिकेत, नेव्हाडातल्या रीनोला आलात. कामावर जाताना औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याकडेला घोड्यांचे कळप दिसतात, मुलांना त्यांचा लळा लागला आहे. मग एक व्हिडिओ पाहण्यात आला: हेलिकॉप्टर घोड्यांना उतारावरून पळवत नेतंय आणि एक शिंगरू मागे पडतंय. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. एवढी मोकळी जमीन असताना सरकार त्यांना सुखाने राहू का देत नाही, लस टोचून जन्म रोखणं ही निसर्गात ढवळाढवळ नाही का, आणि आपण काय करावं, निदान गाजरं-सफरचंदं न्यावीत का, असं तुम्ही विचारलंत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते उद्या सकाळीच उपयोगी पडेल. नेऊ नका. नेव्हाडात मोकाट घोड्यांना खाऊ घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि हा कायदा योग्य आहे. सुकं गवत आणि झुडपं खाऊन जगणाऱ्या घोड्याच्या पोटात अचानक गोड, ओलं खाणं गेलं की पोटशूळ उठू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याचा पोटशूळ सहज जिवावर बेततो. त्याहून मोठा धोका रस्त्याचा आहे. एकदा गाडीतून खाऊ मिळतो हे कळलं की अख्खा कळप रस्त्याकडेला ठाण मांडतो. रात्री भरधाव गाडीपुढे घोडा आला तर घोडाही जातो आणि गाडीतला माणूसही. मुलांना हे समजावून सांगा, ती ऐकतात.

आता माझ्याबद्दल दोन ओळी. मी पशुवैद्य आहे, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. इकडे आल्यापासून घोड्यांचंच काम करते. पकडून आणलेले घोडे तपासले आहेत, आणि बरीच वर्षं दर वसंतात माद्यांना गर्भनिरोधक लसीचे डार्ट मारणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर डोंगरात जाते. पुढे जे लिहिते आहे ते या दोन्ही बाजू पाहून लिहिते आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. तुम्हाला रोज दिसणारे घोडे आणि हेलिकॉप्टरच्या बहुतेक व्हिडिओंमधले घोडे कायद्याच्या नजरेत वेगळे आहेत. तुमच्या वसाहतीभोवतीचे डोंगर म्हणजे व्हर्जिनिया रेंज. तिथले सुमारे ३,००० घोडे नेव्हाडा राज्याच्या कृषी खात्याच्या अखत्यारीत येतात. हेलिकॉप्टरने पकडले जातात ते बहुतांशी केंद्र सरकारच्या जमिनीवरचे, आणि ती जमीन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सांभाळते. त्यांना १९७१चा केंद्रीय कायदा लागू होतो. त्या कायद्याचं मूळ तुमच्याच गावात आहे. १९५० साली रीनोत काम करणाऱ्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंना रस्त्यात एका ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. आत कत्तलखान्याकडे निघालेले जखमी रानघोडे होते. त्या काळी घोड्यांचा विमानाने आणि ट्रकने पाठलाग करत, पाणवठ्यांत विष कालवत. जॉन्स्टनबाईंनी लढा उभारला, देशभरच्या शाळकरी मुलांनी खासदारांना पत्रं लिहिली. १९५९मध्ये मोटारी आणि विमानं वापरून रानघोड्यांची शिकार करण्यावर आणि पाण्यात विष घालण्यावर बंदी आली. १९७१मध्ये रानघोडे आणि रानगाढवांना पूर्ण संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १९७६मध्ये सरकारी कामासाठी हेलिकॉप्टरला परत परवानगी मिळाली, आणि १९७८च्या दुरुस्तीने एक जबाबदारी घातली: प्रत्येक क्षेत्राला किती जनावरं झेपतील ते ठरवायचं आणि त्याहून जास्त झालेली काढायची. आजचा सगळा वाद या दुरुस्तीभोवती फिरतो.

तुमच्या काळजीमागचा खरा प्रश्न मला असा दिसतो. जमीन आणि पाणी मर्यादित आहे आणि कळप वाढतो आहे, मग येत्या दहा-वीस वर्षांत एकूण यातना कमीत कमी होतील असा मार्ग कोणता? व्हिडिओतला एक दिवस वाईटच आहे. पण तो दिवस का उगवला, आणि त्यानंतर त्या घोड्यांचं काय झालं, हे धरल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

आधी वाढीचा हिशेब. रानघोड्यांचे कळप बहुतेक ठिकाणी वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे १०० घोड्यांचे पाच वर्षांत २०० ते २५० होतात. नेव्हाडाच्या काही डोंगरांत पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा, शिंगरं मारतात, पण बहुतेक मोकळ्या माळावर घोड्याला रोखणारा शिकारी उरलेला नाही. सगळ्या क्षेत्रांना मिळून झेपतील असे आकडे बीएलएमने ठरवले आहेत, त्यांची बेरीज साधारण २५,५०० आहे. मार्च २०२०मध्ये प्रत्यक्षात सुमारे ९५,००० जनावरं होती. २०२४मध्ये, मोठ्या प्रमाणावर पकडापकडी होऊनही, साधारण ७३,५०० होती, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास नेव्हाडात.

‘सुखाने राहू द्या’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे हिरवं कुरण असतं. नेव्हाडा हे अमेरिकेतलं सगळ्यात कोरडं राज्य आहे, वर्षाचा सरासरी पाऊस २५० मिलिमीटरच्या आसपास. इथे घोड्यांची संख्या गवतापेक्षा पाण्याने ठरते. एका घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागतं आणि उन्हाळ्यात डोंगरातले झरे बारीक होतात. मग काय होतं ते मी पाहिलं आहे. दांडगे नर झऱ्यावर उभे राहतात, इतरांना येऊ देत नाहीत. दूध पाजणाऱ्या माद्या पाण्याच्या आशेने तिथेच घोटाळत राहतात, चरायला दूर जात नाहीत, आणि आसपास गवताची काडी उरलेली नसते. घोड्याची अंगस्थिती १ ते ९ या मापावर मोजतात, ५ म्हणजे ठीक. अशा ठिकाणी बरगड्या आणि कण्याचे मणके दुरून मोजता येतील अशा, २ किंवा त्याखालच्या माद्या दिसतात. आधी त्यांचं दूध आटतं, मग शिंगरं जातात. निसर्ग संख्या आवरतो हे खरं, पण तो अशी आवरतो, आणि तोवर झऱ्याकाठची जमीन तुडवून टणक झालेली असते. तिथली हरणं, तितर, बेडूक सगळ्यांचंच पाणी गेलेलं असतं.

इथे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की गुरांचं काय? बीएलएम सुमारे १५ कोटी एकरांवर खासगी गुरांना चराईची परवानगी देते. एक गाय-वासरू महिनाभर चारायचे किती पैसे? कित्येक वर्षं हा दर १.३५ डॉलर होता. घोड्यांसाठी राखलेल्या क्षेत्रांमध्येसुद्धा अनेक ठिकाणी चाऱ्याचा मोठा वाटा गुरांना दिलेला आहे. माझं मत स्पष्ट आहे: ‘एवढेच घोडे झेपतील’ हे आकडे बऱ्याच ठिकाणी जुन्या वाटणीवर बसलेले आहेत, ते नव्याने मोजायला हवेत. घोड्यांच्या क्षेत्रात दुष्काळात घोडे काढणार असाल तर गुरं आधी निघाली पाहिजेत. हे मी सरकारी सुनावणीतही बोलले आहे.

पण ‘गुरं हटवा, घोड्यांना हात लावू नका’ एवढ्यावर थांबणाऱ्या मित्रांशी माझं जमत नाही. समजा, उद्या गुरं निघाली आणि घोड्यांच्या वाट्याची जागा दुप्पट झाली. दुप्पट व्हायला कळपाला चार-पाच वर्षं लागतात. म्हणजे आपण चार-पाच वर्षं मिळवली. ती नक्की मिळवावीत, पण त्यांत जन्म आवरण्याचं काम केलं नाही तर पुन्हा त्याच झऱ्यावर, दुप्पट घोडे घेऊन, उभे राहू.

हेलिकॉप्टरच्या हाक्याबद्दल. तागाच्या कापडाच्या दोन लांब भिंती नरसाळ्यासारख्या लावतात, त्यांच्या टोकाला कुंपणाचा सापळा असतो. हेलिकॉप्टर कळपाला हळूहळू तिथवर आणतं, शेवटी शिकवलेला एक घोडा पुढे सोडतात, आणि बाकीचे त्याच्या मागोमाग आत जातात. नीट केलेल्या हाक्यात वैमानिक बराच मागे राहतो, कळप स्वतःच्या चालीने येतो, शिंगरू मागे पडलं तर थांबतो. वाईट हाक्यात यातलं काहीच होत नाही. शिंगरं जन्मण्याच्या हंगामात, १ मार्च ते ३० जूनपर्यंत, आणीबाणी सोडून हेलिकॉप्टर वापरत नाहीत. तरी जुलैमधलं शिंगरू काही आठवड्यांचंच असतं, कडक उन्हात ते आईच्या जोडीने दहा किलोमीटर पळू शकत नाही. जुलै-ऑगस्टमधले हाके मला मान्य नाहीत. हाक्यांमध्ये मरणाऱ्या किंवा मारून टाकाव्या लागणाऱ्या जनावरांचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असल्याचं सरकारी लेखापरीक्षणात आढळलं होतं. आकडा लहान वाटतो, पण हजारो घोडे पकडले जातात तेव्हा त्यामागे पाय मोडलेली, मान मोडलेली पुष्कळ जनावरं असतात.

आणि खरी किंमत त्यानंतर सुरू होते. सापळ्यात नर, माद्या, शिंगरं वेगळी करतात. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली कुटुंबं तिथे तुटतात. नर खच्ची करतात, मानेच्या डाव्या बाजूला द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या शिक्क्याने खूण उमटवतात. काहींना लोक दत्तक घेतात. उरलेले कोंडवाड्यात, किंवा ओक्लाहोमा, कॅन्ससकडच्या भाड्याच्या कुरणांवर, आयुष्यभर. असे ६०,०००हून अधिक घोडे-गाढवं आज सरकारच्या पदरी आहेत. त्यांच्या खाण्यापिण्यावर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च होतो, म्हणजे या कार्यक्रमाच्या पैशांचा साधारण दोन-तृतीयांश वाटा. ज्या डोंगरात शिंगरं जन्मतात तिथल्या लसीसाठी मग हाती थोडं उरतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे इतकं चपखल मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

यात आणखी एक गाठ आहे. २०१३मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने या कार्यक्रमाचा मोठा अभ्यास केला, त्यात ती नीट मांडली होती. कळपातले बरेच घोडे काढले की उरलेल्यांना चारा-पाणी मुबलक मिळतं, माद्या सशक्त होतात, जास्त गाभण राहतात, जास्त शिंगरं जगतात. म्हणजे नुसतं काढत राहणं हेच कळपाला पूर्ण वेगाने वाढत ठेवतं. काही वर्षांत पुन्हा हेलिकॉप्टर. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ असा त्याच जागी परत परत घडतो.

आता लस. तुम्ही ज्याला ढवळाढवळ म्हणता त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी आशा इथे आहे.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती पीझेडपी. डुकराच्या बीजांडावरच्या आवरणातल्या प्रथिनापासून ती बनवतात. घोडीला टोचल्यावर तिचं शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाच्या आवरणाला चिकटतात आणि शुक्राणूला तिथे धरता येत नाही. हे संप्रेरक नाही. घोडी माजावर येते, नराबरोबर राहते, तिचं वागणं बहुतांशी तसंच राहतं. आधीच गाभण असेल तर पोटातल्या शिंगराला धोका नाही. पहिल्या वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि मग दर वर्षी एक, असं नीट केलं तर दहातल्या नऊ माद्या त्या वर्षी गाभण राहत नाहीत. थांबवलं की बहुतेक माद्या काही काळाने पुन्हा गाभण राहू शकतात, मात्र सलग बरीच वर्षं दिली तर परिणाम कायमचा होऊ शकतो. म्हणून कुठल्या घोडीला किती वर्षं द्यायची हे ठरवून करावं लागतं.

प्रत्यक्ष काम डार्टच्या बंदुकीपेक्षा वहीवर चालतं. प्रत्येक मादीचं एक पान: रंग, कपाळावरचा टिळा कसा, नाकपुडीवर पांढरा ठिपका आहे का, कुठला पाय कुठवर पांढरा, आयाळ कुठल्या बाजूला पडते, कुठल्या नराच्या कळपात आहे, शेवटचं शिंगरू कधी झालं, शेवटचा डार्ट कधी बसला. पंचकल्याणी किंवा अबलख घोडी कुणीही ओळखेल. खरी परीक्षा एकाच कळपातल्या चार सारख्या दिसणाऱ्या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, माद्यांची असते, तीही हिवाळ्याचे दाट केस अजून अंगावर असताना. ओळख पक्की झाल्याशिवाय डार्ट मारायचा नाही, हा आमचा नियम. मग वाऱ्याची दिशा बघून, सरळ त्यांच्याकडे न जाता, तिरकं तिरकं चालत, मध्येच बसत, ३०-४० मीटरवर पोहोचायचं. मागच्या पुठ्ठ्याच्या जाड स्नायूवर नेम. घोडी दचकते, थोडी पळते, आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत पुन्हा चरायला लागते. लस आत गेल्यावर डार्ट आपोआप गळून पडतो, तो शोधून परत आणायचा. काही दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही डार्ट मारायची संधी मिळत नाही. लोक या कामाला कंटाळतात ते बंदुकीमुळे नाही, वाट पाहण्यामुळे.

याने फरक पडतो का? पडतो. मेरीलँडच्या किनाऱ्याजवळच्या अ‍ॅसटीग बेटावर राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९४पासून पीझेडपी वापरली. कळप १७०च्या पुढे गेला होता, तो एकही हेलिकॉप्टर न उडवता शंभराच्या आसपास आला. कोलोरॅडोच्या स्प्रिंग क्रीक बेसिनमध्ये २०११नंतर हेलिकॉप्टर आणावं लागलेलं नाही, कारण तिथल्या प्रत्येक घोडीची ओळख ठेवून दर वर्षी डार्ट मारले जातात. आणि तुमच्या व्हर्जिनिया रेंजमध्ये २०१९पासून स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने चाललेला कार्यक्रम या प्रकारच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमांपैकी एक आहे. तुमच्या मुलांना दिसणाऱ्या कळपांत अलीकडे शिंगरं कमी दिसत असतील तर त्याचं कारण हे आहे.

मात्र कुठे काय चालेल हे परिस्थितीवर ठरतं. अ‍ॅसटीग बेट आहे, घोडे माणसांना सरावलेले आहेत. नेव्हाडाच्या आतल्या भागात काही क्षेत्रं लाखो एकरांची आहेत आणि तिथले घोडे किलोमीटरभरावरून माणूस दिसताच पसार होतात. तिथे पायी जाऊन डार्ट मारण्याच्या गप्पा मारणं म्हणजे घोड्यांची फसवणूक आहे. तिथे पकडायचं, माद्यांना टोचायचं आणि त्यांच्याच डोंगरात परत सोडायचं, हा मार्ग उरतो. त्यासाठी शक्य तिथे पाण्याचा किंवा वैरणीचा सापळा लावावा: कुंपणात पाणी ठेवायचं, काही दिवस घोड्यांना ये-जा करू द्यायची, मग फाटक बंद करायचं. अख्खं कुटुंब एकत्र सापडतं, पळापळ नसते. वेळ खूप लागतो, आणि आजूबाजूला दुसरं पाणी असेल तर जमत नाही. जिथे हेही जमत नाही तिथे, थंड हवेत, चांगल्या वैमानिकाच्या हातचं हेलिकॉप्टर मी मान्य करते, पण एका अटीवर: पकडलेल्या माद्यांतल्या बऱ्याच टोचून परत सोडल्या पाहिजेत. अशा ठिकाणी गोनाकॉन नावाची दुसरी लस उपयोगी पडते. महिनाभराने दुसरी मात्रा दिली तर तिचा परिणाम बऱ्याच माद्यांत काही वर्षं टिकतो. ती संप्रेरकांच्या साखळीवर काम करते, घोडी माजावर येणंच कमी होतं, त्यामुळे कळपातल्या नात्यांवर काय परिणाम होतो यावर लक्ष ठेवावं लागतं. मी पीझेडपी शक्य असेल तिथे तीच पसंत करते.

लसीच्या अडचणीही लपवत नाही. टोचल्या जागी कधी गाठ किंवा गळू होतं, बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. शिंगरू नसलेल्या माद्या कळप जास्त बदलतात असं काही ठिकाणी दिसलं आहे. सतत गाभण राहून दूध पाजण्याचा ताण गेल्यामुळे टोचलेल्या माद्या जास्त वर्षं जगतात. त्यांच्यासाठी हे उत्तमच, पण त्यामुळे कळपाची संख्या खाली यायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. लहान कळपात प्रत्येक चांगल्या मादीचं एखादं शिंगरू तरी होऊ द्यायला हवं, नाहीतर रक्तातली विविधता आटते. अर्धवट लसीकरणाचं काय होतं ते आपण आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणात पाहिलं आहे: एका वॉर्डात केलं, शेजारच्यात सोडलं, एका वर्षी पैसे आले, पुढच्या वर्षी नाहीत, आणि संख्या होती तिथेच. घोड्यांतही दहातल्या सात-आठ माद्यांपर्यंत, दर वर्षी, न चुकता पोहोचलं नाही तर वाढ मंदावते पण थांबत नाही.

माद्यांचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढण्याचा प्रस्ताव २०१६ आणि २०१८मध्ये आला होता आणि विरोधानंतर मागे पडला. कोंडवाड्याच्या धुळीत, रानटी जनावरावर, पुढच्या देखभालीची सोय नसताना पोट आतून उघडणारी शस्त्रक्रिया मी करणार नाही, आणि कुणी करू नये असं मला वाटतं.

आतापर्यंतचा सारांश तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांपुरता: पाणी-चारा मर्यादित असल्याने नुसतं सोडून देण्यात दया नाही, नुसतं पकडत राहिल्याने पकडणं संपत नाही, आणि जन्म आवरले तरच पुढची पकडापकडी कमी होते. संख्या हाताबाहेर गेलेल्या क्षेत्रात आधी एकदा काही घोडे काढावे लागतात, हे मी जड मनाने पण मान्य करते.

तुमच्या मुलांनी ‘ही आपल्या कच्छच्या रानगाढवांसारखी आहेत का’ असं विचारल्याचं तुम्ही लिहिलंत. प्रश्न छान आहे. कच्छच्या छोट्या रणातलं खूर, म्हणजे तेच रानगाढव, ही मूळची वन्य उपप्रजाती आहे. १९६०च्या दशकात रोगांनी ती काही शेकड्यांवर आली होती, २०२४च्या गणनेत ७,६००हून अधिक भरली. तिथे काळजी ती वाचवण्याची. इथले घोडे-गाढवं स्पॅनिशांनी आणि पुढे वसाहतवाल्यांनी आणलेल्या पाळीव जनावरांचे वंशज आहेत. घोड्याची उत्क्रांती उत्तर अमेरिकेतच झाली आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो इथून नाहीसा झाला, त्यामुळे ‘परतलेला मूळ रहिवासी’ की ‘उपरा’ हा वाद चालूच असतो. माझ्या रोजच्या कामात त्याने काही बदलत नाही. झऱ्यावर तहानलेली घोडी उभी असते तेव्हा तिचे पूर्वज कुठून आले हे कुणी विचारत नाही.

गाढवांबद्दल लोक फार कमी विचारतात. ती प्रामुख्याने अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि दक्षिण नेव्हाडात आहेत, खाणकामगारांनी मागे सोडलेल्यांची पिढी. वाळवंटाला ती घोड्यापेक्षा सरस आहेत. सुकलेल्या ओढ्यांच्या वाळूत ती खुरांनी खणून पाणी काढतात, कधी माणसाच्या उंचीइतकं खोल, आणि त्या खड्ड्यांवर पक्षी, हरणं, रानडुकरांसारखे प्राणी येऊन पाणी पितात. २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन आलं, आणि गाढव म्हणजे नुसती नासधूस असं मानणाऱ्यांना फेरविचार करावा लागला. हेलिकॉप्टरपुढे गाढवं घोड्यांसारखी एकजुटीने पळत नाहीत, पांगतात, झुडपांत अडून उभी राहतात. त्यांच्यासाठी पाण्याचा सापळाच योग्य, आणि त्यांच्या बाबतीत हेलिकॉप्टरचा आग्रह मला कळत नाही. अ‍ॅरिझोनाच्या ओटमन गावात ती रस्त्यात फिरतात आणि पर्यटक त्यांना खाऊ घालतात. तिथे गेलात तर मुलांना गाजराबद्दल सांगितलेलं पुन्हा सांगा.

दत्तक घेण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सुचवते, कारण मुलांचा हट्ट पुढे तिकडे जाईल. पहिलं वर्षभर मालकी सरकारची राहते आणि देखभाल नीट असेल तरच कागद तुमच्या नावावर होतात. २०१९मध्ये दत्तक घेणाऱ्याला १,००० डॉलर देण्याची योजना आली. २०२१मध्ये बातम्यांतून उघड झालं, की काही लोकांनी पैसे हाती पडताच घोडे अशा लिलावांत नेले जिथून ते मेक्सिको-कॅनडातल्या कत्तलखान्यांत जातात. पैसे देऊन घोडा खपवण्याची कल्पना मला तेव्हाही पटली नव्हती. कार्सन सिटीच्या तुरुंगात कैदी रानघोड्यांना शिकवतात आणि त्यांचा लिलाव होतो. शिकवलेला घोडा आणि त्याला सांभाळायला शिकलेला माणूस, ही जोडी टिकते. तुमच्याकडे तबेला, कुरण आणि घोड्याचा अनुभव नसेल तर घेऊ नका. स्पार्क्सच्या उत्तरेला बीएलएमचं पॅलोमिनो व्हॅली केंद्र आहे. मुलांना एकदा तिथे न्या. डोंगरातला घोडा आणि कोंडवाड्यातला घोडा एकाच आठवड्यात पाहिला की मी एवढं लांबण का लावते आहे ते त्यांना आपोआप कळेल.

मग करायचं काय? हाका ठरण्याआधी बीएलएम बहुधा पर्यावरण परिणामांचा मसुदा प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत कुणीही मत नोंदवू शकतं. हजारो लोक ‘घोड्यांना वाचवा’ एवढंच लिहितात, त्यांची एकगठ्ठा नोंद होते. नेमके प्रश्न विचारलेल्या पत्राला मात्र उत्तर द्यावं लागतं. किती माद्या टोचून परत सोडणार? दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीची मात्रा कोण देणार आणि त्याचे पैसे कुठल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहेत? याच क्षेत्रात मागच्या दहा वर्षांत किती गुरं चरली? पाण्याचा सापळा का शक्य नाही? शिंगरांचं वय त्या तारखेला किती असेल? दत्तक गेलेल्या घोड्यांची तपासणी कोण करतं? हे लिहायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

आणि तुमच्या रस्त्याकडेच्या कळपांसाठी: डार्टचं काम करणाऱ्या गटांना दर हिवाळ्यात ओळख पटवणारी माणसं कमी पडतात. बंदूक हातात येण्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, पण नोंदी ठेवायला आणि फोटोंशी घोडी जुळवायला कुणीही शिकू शकतं. तुमची मुलं यात खरोखर कामाची ठरतील. दूर अंतरावरून, गाडी सुरक्षित बाजूला लावून, प्रत्येक घोडीचे तीन फोटो काढा: डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरून चेहरा. पायांचे खूर फोटोत आले पाहिजेत, लांब गवतामुळे ते नेमके सुटतात. तारीख, वेळ, जागा आणि सोबत कुठला नर होता ते लिहून ठेवा. गटाशी बोलणं झालं की त्यांच्या वहीशी जुळवायला बसा, आणि काही अडलं तर इथे फोटो टाका, मी बघून सांगेन.